बिनगटाराची गल्ली

माझ्या आत्याला सगळी गल्ली 'इस्त्री' म्हणते. तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण तोंडावर म्हणणाऱ्याला ती खरोखरच सरळ करते. तिची लॉन्ड्री आमच्या गल्लीच्या अगदी टोकाला आहे. पुढे काउंटर, तिथे मी बसते. मागे इस्त्रीचं लांबलचक टेबल, त्याच्या मागे बॉयलरची खोली. तिथे काका, म्हणजे आत्याचे यजमान, वाफ सांभाळतात आणि शक्यतो बोलत नाहीत. सगळ्यात मागे धुण्याचे हौद. हौदांच्या मागे दार, दाराबाहेर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, दोऱ्या संपल्या की कडा, आणि कड्याखाली समुद्र.

आत्या इथे नवी नवरी म्हणून आली तेव्हा दार आणि कडा यांच्यामध्ये चादरी वाळत घालूनही इतकी जागा उरायची की पोरं तिथे चेंडू खेळायची. तेव्हा समोर पाण्यात खडकाची एक कमान होती आणि तिच्याखालून होडी जायची. त्याच्याही आधी म्हणे तिथे नुसती एक भेग होती. लाटांनी भेग कोरून गुहा केली, गुहा आरपार गेली आणि कमान उरली. पुढे कमानीचं छत कोसळलं आणि एक सुळका एकटाच पाण्यात उभा राहिला. मग एका वादळात तोही गेला. त्या दिवशी काका एवढंच म्हणाले, "कमान गेली, सुळका गेला, लग्न टिकलं." त्यांच्या ज्या मोजक्या विनोदांवर आत्याने हसू दाबलं आहे, त्यातला हा एक.

तिने धंदा सुरू केला तो कोळशाच्या एका इस्त्रीवर, तीही शेजारणीकडून मागून आणलेली. आज गावातल्या दोन्ही लॉजच्या चादरी, दवाखान्याचे पांढरे कोट आणि नगरपालिकेच्या सभागृहाचे पडदे तिच्याकडे येतात. पण तिची खरी ख्याती डाग काढण्यात. शाई, गंज, ग्रीस, रक्त, काहीही असो. कपडा उजेडाला धरून ती डागाकडे इतक्या रागाने बघते की मला वाटतं निम्मा डाग तिथेच घाबरून जात असावा. एकदा एका गिऱ्हाइकाने 'हा डाग राहू दे, जुना आहे' असं म्हटलं, तर तिने त्याला दुकानाबाहेर काढलं. शर्ट मात्र ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कोरा करकरीत करून त्याच्या घरी पाठवला.

आता गल्लीबद्दल सांगते, कारण गल्लीचा तोरा सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गल्लीत गटार नव्हतं. आणि हे कुणी लाजून सांगत नसे, मिरवत असे. खालच्या वस्तीत गटारं तुंबतात, वास येतो, डास होतात. आमच्याकडे गल्ली कशी लख्ख. कारण सगळ्या घरांची पाठ समुद्राकडे. प्रत्येक मोरीचा उतार मागे, मागच्या भिंतीला भोक, भोकातून पाणी बाहेर आणि बाहेरून कड्याच्या काठावर. 'समुद्राचं समुद्राला' असं म्हणत प्रत्येक जण बादली उलटायचा. सोयरीक जमवतानासुद्धा आमच्या गल्लीतली माणसं आधी सांगायची की आमच्याकडे गटार नाही, मग मुलाचं शिक्षण. आणि सगळ्यात जास्त पाणी कुणाचं, तर अर्थात लॉन्ड्रीचं. आत्या रोज संध्याकाळी हौदांची बुचं उपटायची आणि पाणी मागच्या चरातून सळसळत निघून जायचं. तो आवाज ऐकल्याशिवाय तिला दिवस संपल्यासारखा वाटायचा नाही.

दोऱ्यांचे खांब एकेक करून कड्याबरोबर जायला लागले तेव्हा आत्याने समुद्राला शिव्या द्यायला सुरुवात केली. अगदी साग्रसंगीत. दारात उभी राहून, कमरेवर हात ठेवून. "किती खाशील, मेल्या," असं काहीतरी त्यात यायचं. दोऱ्या आखूड झाल्या, चादरी दुमडून वाळत घालाव्या लागल्या आणि शेवटी कड्याच्या बाजूला एकच खांब उरला. मग एका सकाळी शेजारच्या सलूनवाल्याची मागची पायरी गेली. नुसती गेली. तो ब्रश धुवायला म्हणून दार उघडतो तर पायरीच्या जागी हवा.

पालिकेचे साहेब आले, चारी बाजूंनी बघून गेले. आठवड्याने गल्लीतल्या प्रत्येक दारावर लाल तेलरंगाची फुली आली. वादळांचा हंगाम संपेपर्यंत थांबू, कडा आणखी सरकला तर गल्ली रिकामी करून पाडायची, असं ठरलं. साहेब माणूस वाईट नव्हता. सांगताना तो सारखा जमिनीकडे बघत होता.

रंग ओला होता तेव्हाच मी चिंधी आणि टर्पेंटाइन घेऊन आले. आत्याने माझा हात धरला.

"राहू दे."

"आत्या, तू? डाग राहू दे म्हणतेस?"

"आत्ता काढला तर नुसतं खोडल्यासारखं होईल. हा डाग धुऊन काढायचाय."

मला तेव्हा काही कळलं नाही. काकांना कळलं असावं, कारण ते बॉयलरच्या खोलीतून बाहेर आले, फुली बघितली आणि मान डोलावून परत गेले. त्या रात्री आत्या जेवली नाही. तिला मूलबाळ नाही. तिचं जे काही आहे ते त्या चार खोल्यांत आहे, वाफेत आणि साबणाच्या वासात. ते गेलं असतं तर ती दुसरीकडे दुकान थाटून बसली असती असं म्हणणारे तिला ओळखत नव्हते.

पालिकेने कडा मोजायला एक मुलगी पाठवली. तिचं नाव गल्लीने पहिल्याच दिवशी 'मोजणीवाली' करून टाकलं. तीन पायांचं यंत्र, पायात चिखलाचे बूट आणि कुणी काही विचारलं की खरं सांगायची खोड. ती खाली पुळणीवर, वाळूत उतरायची, कड्याचे फोटो काढायची, वर येऊन भेगांना खुणा करायची. एकदा तिने लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीवरून बोट फिरवलं तर दगडाचा भुगा पिठासारखा हाताला आला.

"मीठ," ती म्हणाली. "वाऱ्याबरोबर खारं पाणी दगडात शिरतं. पाणी वाळतं, मीठ आत राहतं. त्याचे खडे वाढतात आणि दगडाला आतून ढकलतात."

"ते मला नको सांगूस," आत्या म्हणाली. "खाऱ्या वाऱ्यात टॉवेल राहिला तर पापडासारखा होतो. तू कड्याचं सांग. समुद्राने किती खाल्लाय?"

"समुद्राने खाल्लाय थोडाच. बाकीचा तुम्ही पाडलाय."

मी काउंटरखाली लपायच्या बेतात होते.

मोजणीवाली मात्र मोकळेपणाने बोलत राहिली. लाटा खालून खातात हे खरंच, ती म्हणाली. लाट भेगेत शिरते, आतली हवा दाबते, मागे गेली की हवा फुसकन सुटते, आणि असं वर्षानुवर्षं झालं की खडक सुटतो. पण आमच्या कड्याच्या पायथ्याला आधी पडलेले मोठे दगड पसरले आहेत. लाटा आधी त्यांच्यावर फुटतात आणि दमून कड्याला लागतात. आत्ता जे पडतंय ते वरून पडतंय. खडकाच्या मध्ये चिकणमातीचा एक थर आहे. वरचं पाणी भेगांतून मुरत तिथपर्यंत पोचतं, थर बुळबुळीत होतो आणि वरचा भाग त्याच्यावरून घसरतो.

"म्हणजे माझ्या हौदाचं पाणी समुद्रापेक्षा मोठं?"

"मोठं नाही, मावशी. रोजचं आहे."

आत्याने तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर मात्र दुपारभर बडबडत राहिली. कालची पोर, समुद्राची वकिली करते, साबणाच्या पाण्याने कधी डोंगर पडलाय का, वगैरे. पण मी तिला लहानपणापासून ओळखते. खात्री असली की ती गप्प असते. बडबड सुरू झाली म्हणजे कुठेतरी काटा रुतलेला असतो.

त्याच संध्याकाळी बुचं उपटायच्या आधी तिने निळीच्या बाटल्या फोडल्या. पांढऱ्या कपड्यांना घालायची ती नीळ, थेंबाथेंबाने वापरायची वस्तू, आणि ही बाई बाटल्याच्या बाटल्या हौदात रिकाम्या करत होती. पाणी शाईसारखं झालं. मग तिने बुचं काढली, आणि पाणी निघून गेल्याच्या आवाजाने त्या दिवशी तिला काही बरं वाटलेलं दिसलं नाही.

सकाळी ती मला घेऊन पुळणीवर गेली. ओहोटी होती. आम्ही मान वर करून कडा बघत चाललो. कड्याच्या माथ्यावरून खाली काहीच आलेलं नव्हतं. म्हणजे पाणी काठावरून समुद्रात पडतं हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज चुकीचा होता. पण कड्यावर कुठेच निळं दिसत नाही म्हणून आत्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची छटा यायला लागली होती आणि तेवढ्यात मला ते दिसलं. कड्याच्या मध्यावर, करड्या मातीच्या पट्ट्याच्या बरोबर वर, एका भेगेतून निळी धार झिरपत होती. पाणी समुद्रात गेलंच नव्हतं. ते आमच्या पायाखाली मुरलं होतं.

आत्या बराच वेळ तिथे उभी राहिली. मला तिची फार दया आली, जी तिला कळली असती तर तिने मला तिथेच पाण्यात ढकललं असतं.

"इतकी वर्षं याला शिव्या घातल्या," ती समुद्राकडे बघत म्हणाली. "आणि घास मीच भरवत होते."

मग तिने पदर खोचला. म्हणजे खरोखरच खोचला, आणि चढण चढायला लागली.

गल्ली ऐकेल तर ती गल्ली कसली. सलूनवाल्याच्या ओट्यावर सगळे जमले आणि जो तो आत्याकडे बोट दाखवायला लागला. लॉन्ड्रीचं पाणी ते लॉन्ड्रीचं पाणी, आमचं काय, घमेलंभर. सलूनवाला तर म्हणाला, "इस्त्री, माझ्याकडे दाढीचा फेस. फेसाने कडा पडतो का?" तोंडावर इस्त्री म्हणण्याची हिंमत त्याला पायरी गेल्याच्या दुःखात आली असावी.

आत्या भांडली नाही. घरात जाऊन कपडे रंगवायच्या पुड्यांचा डबा घेऊन आली. विटलेल्या साड्या, जुने पडदे ती रंगवून देते, तेव्हा तिच्याकडे रंग सगळे. तिने प्रत्येक घराला एकेक पुडी वाटली. सलूनवाल्याला लाल, कोपऱ्यावरच्या शिंप्याला हिरवा, पावाच्या भट्टीवालीला नारिंगी, जुन्या मास्तरांना जांभळा.

"आज मोरीत हा टाका. उद्या खाली भेटू. ज्याचा रंग दिसणार नाही, त्याचे कपडे वर्षभर फुकट धुईन."

फुकट म्हटल्यावर सगळ्यांनी पुड्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली पुळणीवर. म्हाताऱ्यांना धरून आणलं होतं, भट्टीवाली पिठाच्या हातांनीच आली होती. कड्याच्या मध्यावर सणसणीत लाल धार होती. तिच्या शेजारी हिरवी. पलीकडे नारिंगी. जांभळा काही दिसेना, तेव्हा मास्तर हात चोळत पुढे झाले आणि वर्षभराचे कपडे मनातल्या मनात मोजायला लागले. तेवढ्यात मोजणीवालीने दुर्बीण त्यांच्या हातात दिली. जांभळा ओघळ चांगला लांबवर गेला होता, आत्याच्या निळीत मिसळायला. भट्टीवाली म्हणाली, "मास्तर, तुमचं पाणीसुद्धा फिरायला जातं." त्या हशात गल्लीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तोरा वाहून गेला. प्रत्येक जण आपापली धार बघत होता आणि कुणी कुणाकडे बोट दाखवत नव्हतं. कड्याने सगळ्यांचीच चहाडी केली होती.

सलूनवाला आत्याजवळ आला. "आता काय करायचं?"

"आता गटार करायचं," आत्या म्हणाली. हा शब्द उच्चारताना तिला किती कष्ट पडले ते मी पाहिलं.

पाडायच्या गल्लीत पालिका गटार बांधून देणार नव्हती, हे साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. बसस्टॉपजवळच्या मोठ्या गटाराला जोडायची परवानगी मात्र तिथल्या तिथे दिली. खरी मेहनत गल्लीत नव्हती, घराघरांत होती. प्रत्येक मोरीचा उतार मागे, तो पुढे फिरवायचा म्हणजे फरशी उखडायची, कोबा नव्याने करायचा, मागचं भोक बुजवायचं. इथे आमचे काका प्रथमच गल्लीला दिसले. बॉयलरच्या नळ्या जोडण्यात ज्याची हयात गेली, त्याला पाण्याचा स्वभाव शिकवायला नको. ते एकेका घरात शिरायचे, मोरीत तांब्याभर पाणी ओतायचे, पाणी कुठे जातंय ते उकिडवे बसून बघायचे आणि फरशीवर खडूने रेघ मारायचे. मोजणीवाली गल्लीत यंत्र लावून चराची पातळी द्यायची. दोघं एकमेकांशी मिलिमीटरमध्ये बोलायची. काका एवढं बोलू शकतात हे आत्यालासुद्धा नवीन होतं.

"माझ्याशी नाही कधी इतकं बोललात."

"तू उतार विचारलाच नाहीस कधी," काका म्हणाले.

गल्ली उकरली गेली. चिखल, विटा, फावडी, आणि आंघोळीला प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या घरी. लॉन्ड्री बंद होती, आणि लॉजवाल्यांनी निरोपावर निरोप पाठवले तरी आत्याने हौदात थेंब घेतला नाही. ती विटा वाहत होती. मध्येच थांबून कुणाचातरी कोबा बघायची, उतार कमी वाटला की पायाने ठोकून सांगायची, "हे परत." लोक कुरकुरत परत करायचे. शेवटचा जोड बसस्टॉपजवळ बसला तेव्हा वरच्या टोकाला तिने स्वतः बादली उलटली आणि आम्ही सगळे पाण्याबरोबर गल्लीभर चालत खाली आलो. पाणी मोठ्या गटारात पडल्याचा आवाज आला. सलूनवाल्याने टाळ्या वाजवल्या. गटारासाठी टाळ्या वाजवणारी आमची पहिलीच गल्ली असावी.

वादळ आलं ते थोड्याच आठवड्यांत. साहेबांनी सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये हलवायला गाडी पाठवली. मला वाटलं आत्या दारात ठाण मांडून बसेल. ती पहिली उठली. "कडा टिकेल की नाही ते कडा बघेल. माझ्या जिवावर कशाला पैज," असं म्हणून ती इस्त्री काखेत मारून गाडीत बसली. हॉलमध्ये बाकावर चादर अंथरून तिने सगळ्या गल्लीचे ओले कपडे इस्त्री करून सुकवले. बाहेर वारा खिडक्या हलवत होता. ती एकच बाही पुन्हा पुन्हा करत होती हे मला दिसत होतं. काका तिच्या शेजारी बसून राहिले.

वारा पडल्यावर आम्ही परत आलो. गल्ली ओली चिंब होती आणि नवं गटार भरून वाहत होतं, मोठ्याने, निर्लज्जासारखं. सगळे घरांच्या मागे धावले. आत्या धावली नाही. तिने पुढचं दार उघडलं, काउंटर ओलांडला, टेबल, बॉयलर, हौद, आणि मागच्या दाराची कडी काढायला तिचा हात लवकर उचलेना. शेवटी काकांनी काढली.

शेवटचा खांब उभा होता. त्याच्यावर समुद्राचं शेवाळ चिकटलं होतं, इतक्या वर लाटा आल्या होत्या. मोजणीवाली खालून बघून आली. पायथ्याचा एक मोठा तुकडा लाटांनी नेला होता, तो त्यांचा हक्काचा. पडून राहिलेल्या दगडांवर त्यांनी बाकीचा जोर काढला होता. पावसाचं पाणी गटाराने नेलं होतं, मातीचा थर कोरडा होता. माथा जिथे होता तिथेच होता.

"समुद्र यापुढेही खाणार, मावशी," ती म्हणाली. "हळूहळू. पण तुमच्या आणि माझ्या हयातीत या दारापर्यंत नाही येत."

"खाऊ दे की," आत्या म्हणाली. "त्याच्या ताटातलं त्याने खावं." मग ती रडली. सगळ्यांसमोर, तोंड न लपवता, आणि रडता रडता मोजणीवालीला ओरडली की उभी काय राहिलीस, आत ये, चहा टाकते.

हंगामात आणखी वादळं आली आणि गेली. मोजण्या झाल्या, कागद वर गेले, खाली आले, आणि एका सकाळी साहेब स्वतः गल्लीत आले. या वेळी ते जमिनीकडे बघत नव्हते. गल्ली राहणार, ते म्हणाले, आणि गटारावर झाकणं पालिका बसवून देईल. दुपारी पेंटर येईल, तो फुल्यांवर रंग मारून जाईल.

"डागावर रंग मारायचा?" आत्या म्हणाली. "माझ्या दारात?"

मी टर्पेंटाइन आणि चिंधी आणायला वळले, तर ती आधीच काउंटरखाली ठेवलेली होती. कधीपासून, कोण जाणे. आत्याने बाह्या सारल्या, फुलीसमोर उभी राहिली आणि सवयीने आधी तिच्याकडे रागाने बघून घेतलं. मग कामाला लागली. तेलरंग लाकडात मुरला होता, पण ती कडेकडेने, बाहेरून आत, घाई न करता काढत गेली. गल्ली हातातली कामं टाकून बघत उभी होती. आपली फुली झाल्यावर ती सलूनवाल्याच्या दाराकडे गेली, मग शिंप्याच्या, मग मास्तरांच्या, आणि ओळीने सगळी दारं कोरी करत खाली बसस्टॉपपर्यंत पोचली. परत लॉन्ड्रीच्या दारात आली तेव्हा हात लाल झाले होते. ते तिने बादलीत साबणाने धुतले, बादली उचलली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मागच्या दाराकडे निघाली.

"इस्त्री," सलूनवाला ओट्यावरून म्हणाला, "गटार इकडे आहे."

सगळी गल्ली श्वास धरून राहिली. आत्या थांबली, वळली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि ते लाल पाणी गटारात ओतून ते पार खाली जाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.